पाय टेकतात का?

शोरूममधल्या माणसाने पहिला प्रश्न मला विचारलाच नाही, दादाला विचारला. "मॅडमचे पाय टेकतील का?" मी शेजारीच उभी होते. पैसे माझे होते, मोटरसायकल मला हवी होती. दादा फक्त सोबत आला होता, कारण रविवार होता आणि त्याला सुट्टी होती. दादाने माझ्याकडे बघितलं, मी गाडीकडे बघितलं, आणि तोवर तो माणूस आम्हाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला घेऊन निघालासुद्धा होता. तिथे स्कूटर लावल्या होत्या.

माझी उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे १५० सेंटिमीटर. मी पामची. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारचं हे गाव. वसाहतीतल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडे घराघरात मोटरसायकल आहे. ती बाप चालवतो, भाऊ चालवतो, बारावीतला पोरगा लायसन नसताना चालवतो. बाई मागे बसते, किंवा तिची वेगळी स्कूटर असते. हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही चूक आहे असं मलाही सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं.

ते वाटलं एका जुलैच्या रात्री. दादा थर्ड शिफ्टला गेला होता, कंपनीच्या बसने. माझी स्कूटर दुरुस्तीला दिलेली. रात्री एकच्या सुमारास दादाच्या तीन वर्षांच्या मुलाला ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, आणि मग त्याचे डोळे पांढरे झाले. पाऊस कोसळत होता. रिक्षा मिळायचा प्रश्नच नव्हता. पडवीत दादाची स्प्लेंडर उभी होती, टाकीत पेट्रोल होतं, किल्ली खिळ्याला लटकत होती. आणि घरात दोन धडधाकट बायका होत्या, मी आणि वहिनी, ज्यांच्यापैकी एकीलाही ती गाडी चालवता येत नव्हती. पलीकडच्या आळीतल्या काकांचं दार वाजवून, त्यांना उठवून, त्यांनी रेनकोट शोधून, गाडी बाहेर काढून आम्ही बोईसरला पोचेपर्यंत पाऊण तास गेला. बाळाला काही झालं नाही. तापाची आकडी होती, ती आपोआप थांबली. म्हणूनच मी आज हे नुसत्या रागाने लिहू शकते.

त्या रात्रीनंतर मी स्वतःला विचारलं, मी मोटरसायकल का शिकले नव्हते? कुणी मनाई केली नव्हती. बाबा तसे नाहीत. पण अठराव्या वर्षी विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी, अगदी प्रेमाने, एकच प्रश्न विचारला होता: पाय टेकतात का? टेकत नव्हते. विषय संपला होता. हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

आधी आकडे बघू. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सीटची जमिनीपासूनची उंची दिलेली असते. स्प्लेंडर प्लसची ७८५ मिलिमीटर. टीव्हीएस रेडरची ७८०. होंडा शाइन १०० ची ७८६. आता 'लेडीज'साठी हमखास पुढे केल्या जाणाऱ्या स्कूटर बघा. सुझुकी ॲक्सेस १२५ ची सीट ७७३ मिलिमीटरवर आहे. जुपिटर १२५ ची ७६५ वर. म्हणजे ॲक्सेस आणि स्प्लेंडर यांच्यात फरक आहे १२ मिलिमीटरचा. चपलेऐवजी बूट घातला की हा फरक मिटतो. ॲक्टिव्हाची सीट खरोखर खाली आहे, ६९२ मिलिमीटर, ते मी नाकारत नाही. पण शोरूममध्ये मला सगळ्या स्कूटर एका दमात दाखवल्या गेल्या, ॲक्सेससकट. तिथे कुणी टेप लावून बघितलं नव्हतं.

शिवाय मिलिमीटर पूर्ण गोष्ट सांगतच नाहीत. स्कूटरची सीट रुंद असते. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची उंची तिथेच खर्ची पडते. शंभर सीसीच्या मोटरसायकलची सीट टाकीजवळ निमुळती असते, तिथे सरकून बसलं की पाय सरळ खाली जातो. मी स्वतः ॲक्सेसवर आणि स्प्लेंडरवर पाठोपाठ बसून बघितलं. दोन्हीवर माझे चवडे टेकले, टाचा दोन्हीवर अधांतरी राहिल्या. मग एकीवर मी 'सेफ' आणि दुसरीवर 'अनसेफ' कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाय टेकायला हवेत, पण कशासाठी? गाडी चालत असताना पाय फूटरेस्टवर असतात. जमिनीशी त्यांचा संबंध येतो फक्त थांबताना. आणि मोटरसायकल थांबवायची जी पद्धत नीट शिकवली जाते, तिच्यात दोन्ही पाय टेकायचेच नसतात. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक असतो. तो दाबून धरायचा आणि डावा पाय खाली ठेवायचा. चढावर थांबलात तर गाडी मागे सरकू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवर लागतोच. म्हणजे सहा फुटी माणसानेही एकच पाय टेकायचा आहे. मग माझ्याकडे दोन्ही टाचा का मागता? मला एक डावा पाय नीट टेकायचा आहे, आणि त्यासाठी बूड दोन-तीन इंच डावीकडे सरकवलं की पुरतं. ही युक्ती मला कुणी सांगितली नाही. पाच फूट दोन इंचांच्या एका सहकाऱ्याला रोज तसं थांबताना बघून मी शिकले. तो वीस वर्षं मोटरसायकल चालवतोय. त्याला कुणी स्कूटर दाखवली नव्हती.

खरी अडचण आहे ती दुसरीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या कडेला थांबतो. तिथे डाव्या पायाखालची जमीन आणखी खाली गेलेली असते. बुटक्या माणसाची गाडी पडते ती बहुतेक अशा जागी, उभ्या-उभ्या. म्हणून कुठे थांबायचं हे आधी बघायचं: कडेच्या उतारावर नाही, खडीवर नाही, खड्ड्याच्या ओठावर नाही. हे शिकायला दोन आठवडे लागतात. उंची वाढवायला जन्मही पुरत नाही. पण सल्ले सगळे उंचीबद्दल मिळतात, थांबण्याबद्दल एकही नाही.

आणि खड्ड्यांचा विषय निघालाच आहे, तर चाकांबद्दल बोलू. 'तुझ्यासाठी सुरक्षित' म्हणून जी स्कूटर हातात दिली जाते, तिचं मागचं चाक बहुतेक वेळा दहा इंची असतं. टायर धरून त्याचा व्यास साधारण ४३ सेंटिमीटर. स्प्लेंडरचं चाक अठरा इंची, टायर धरून साधारण ६२ सेंटिमीटर. रस्त्यात ३० सेंटिमीटर लांबीचा खड्डा असेल तर भूमितीच्या साध्या हिशोबाने लहान चाक त्यात सहा सेंटिमीटर उतरतं आणि मोठं चाक चार. दणका किती बसेल आणि हँडल किती हलेल हे यावर ठरतं. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना अवजड ट्रकांच्या मधून, पावसात, खड्डा पाण्याने भरलेला आणि म्हणून न दिसणारा, अशा वेळी हे दोन सेंटिमीटर माझ्या टाचेखालच्या सेंटिमीटरांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत. उभी गाडी कलंडली तर गुडघा खरचटतो, लोक हसतात. चाळीसच्या वेगात लहान चाक खड्ड्यात अडकलं आणि मागून ट्रक येत असला तर हसायला कुणी नसतं. आपण बुटक्या माणसाला पहिल्या धोक्यापासून वाचवण्यासाठी दुसऱ्यात ढकलतो, आणि त्याला काळजी म्हणतो.

मला स्कूटरशी भांडण नाही. बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवता येतात, दोन्ही ब्रेक हातात असल्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात, साडी नेसून चालवता येते. मी सहा वर्षं स्कूटर चालवली आणि अजूनही चालवते. माझा मुद्दा एवढाच की ती निवड असावी, शिक्षा नसावी.

आता उंचीबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार भारतातल्या प्रौढ बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, पुरुषाची १६५ च्या. म्हणजे मी बुटकी नाही, मी जवळपास सरासरी आहे. सरासरी बाईला 'तुझ्या मापाची गाडी नाही' असं सांगणारा बाजार कुणाचं माप घेऊन बसलाय? नव्या 'ॲडव्हेंचर' गाड्यांची सीट बघा. एक्सपल्स २०० ची ८२० मिलिमीटरच्या पुढे, हिमालयन ४५० ची ८२५. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचेही त्यांवर चवडेच टेकतात. पण त्याला शोरूममध्ये 'सवय होईल' म्हणतात आणि मला 'स्कूटर बघा' म्हणतात. सवय व्हायचा हक्कसुद्धा उंचीप्रमाणे नाही, लिंगाप्रमाणे वाटलेला आहे.

आमच्या पालघर जिल्ह्यात तर उंचीवरून कुणाला हसायची सोयच नाही. उंची काही आई-बापांकडून येते आणि काही पहिल्या दोन-तीन वर्षांच्या ताटातून. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ च्या १ ऑगस्टला जिल्हा वेगळा झाला, पण जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाच्या बातम्या थांबल्या नाहीत. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. ही मुलं मोठी होतील, त्यांतली बरीच कामाला आमच्या वसाहतीत येतील, पहिल्या पगारातून हप्त्यावर गाडी घ्यायला जातील. तेव्हा त्यांना पुन्हा विचारलं जाईल: पाय टेकतात का? ज्या समाजाने पोटभर घातलं नाही, त्याने नंतर उंची मोजायला उभं राहावं यात मला निर्लज्जपणा दिसतो.

हे असंच असायला हवं होतं का? नाही. १९५८ मध्ये होंडाने जपानमध्ये सुपर कब आणली. मधून पाय टाकता येईल अशी खाली वाकलेली चौकट, सतरा इंची मोठी चाकं, गिअर आहेत पण क्लचचा लिव्हर नाही. लहान चणीच्या माणसाला, खराब रस्त्यावर, एक हात मोकळा ठेवून चालवता यावी असा विचार करून बनवलेली गाडी. २०१७ पर्यंत त्या घराण्याच्या दहा कोटी गाड्या बनल्या. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियात अजूनही बाप्ये-बाया सगळेच तसल्या गाड्या चालवतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिरो होंडाने 'स्ट्रीट' नावाने तो प्रकार आणला, तो चालला नाही. पुरुषांना ती मोटरसायकल वाटली नाही आणि बायकांना कुणी विकली नाही.

आपण बायकांसाठी वेगळी वाट काढली. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. तिने महाराष्ट्रातल्या मास्तरणींना, नर्सना, कॉलेजच्या मुलींना रस्त्यावर आणलं, हे उपकार मी विसरणार नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी, बिनगिअरची. पुढे मुलींसाठी म्हणून स्कूटर निघाल्या, त्यांच्या जाहिरातींत मजा फक्त मुलांनीच का करायची असं विचारलं गेलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुन्हा एक बिनगिअरची स्कूटरच पुढे केली. मुलांची मजा मुलांकडेच राहिली. २०११ मध्ये पुण्यातून 'बायकर्नी' हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला, देशभर पसरला. ते फार चांगलं झालं. पण मला लडाखला जायचं नाही. मला रात्री एक वाजता बोईसरला जायचं होतं.

स्कूटरवाल्यांइतकाच चुकीचा सल्ला दुसऱ्या बाजूनेही मिळतो. तो देणारे उत्साही पुरुष असतात. पहिला प्रकार: "ॲव्हेंजर घे, सीट एकदम खाली." सीट खाली आहे, ७३७ मिलिमीटर. पण गाडी दीडशे किलोच्या वर आहे, पाय पुढे ताणून ठेवावे लागतात आणि लहान हातांना हँडल वळवताना बाहेरचा हात पुरत नाही. दुसरा प्रकार: "शिकायचंच तर बुलेट शिक." क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. ती चालू असताना छान चालते. पण पडवीतून मागे ओढत बाहेर काढायची, चिखलात वळवायची, पडली तर उचलायची कुणी? नवशिक्यासाठी सीटच्या उंचीपेक्षा वजन आधी बघायला हवं. स्प्लेंडर ११२ किलो, शाइन १०० तर ९९ किलोच. म्हणजे ॲक्टिव्हापेक्षा, जी १०६ च्या आसपास आहे, हलकी. हा आकडा मला कुणी सांगितला नव्हता.

तिसरा प्रकार गॅरेजवाल्याचा: "मागचे शॉकअप खाली करून देतो." करू नका. मागची बाजू खाली आली की पुढच्या चाकाचा कोन बदलतो आणि गाडी वळायला जड होते, स्पीडब्रेकरला पोट घासतं. साइड स्टँड आता लांब पडतो, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळपास सरळ राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे कोसळते. काही कमी करायचंच असेल तर सीटचा फोम पुढच्या बाजूने थोडा कापून निमुळता करून घ्या. सीट बनवणाऱ्याचं काम आहे, गाडीच्या हाडांना हात लागत नाही. आवडलं नाही तर सीट बदलता येते.

तर मग काय विचारायचं? मी आता कुणी विचारलं तर असं सांगते. रोज घालायचे बूट घालून जा. गाडी बंद असताना साइड स्टँडवरून सरळ करून बघ. हँडल धरून दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे ढकल. डावीकडे सरकून एक चवडा पूर्ण बसतो का बघ. बसला तर पुरे. क्लचचा लिव्हर बोटांच्या पेरांत येतो का, टोकांवर धरावा लागतो का, ते बघ, कारण लहान माणसाचे हातही लहान असतात आणि हाफ क्लच सुटला की गाडी बंद पडून कलंडते. मग चालवून बघ. यातलं जमत नसेल तर ती गाडी घेऊ नको, दुसरी बघ. जमत असेल तर तुझी उंची किती हे कुणालाही सांगायची गरज नाही.

कायदाही विचारत नाही. मोटार वाहन कायद्यात वयाची अट आहे, उंचीची नाही. पण लायसनवर 'विथ गिअर' आणि 'विदाऊट गिअर' असे दोन प्रकार असतात, आणि आमच्याकडे मुलीला शिकवायला आणलं की बहुतेक वेळा न विचारता दुसरा अर्ज भरला जातो. माझाही तसाच भरला गेला होता. त्या एका शब्दामुळे घरातली गाडी कायद्यानेही माझी राहत नाही. माझी मुलींच्या आई-बापांना विनंती आहे, गाडी कुठलीही घ्या, लायसन गिअरचं काढा. तेवढा अधिकार हातात राहू द्या.

आईने विचारलेला प्रश्न मात्र मी टाळणार नाही. ती म्हणाली, "आणि पडलीस तर?" मी पडले. शिकताना तीनदा, तिन्ही वेळा उभ्या-उभ्या. एकदा घराच्या दारात, आईच्या देखत. ती धावत आली, दोघींनी मिळून गाडी उचलली, आणि तिने पदराने टाकीवरची माती पुसली. दादा बारावीत असताना कितीदा पडला होता ते तिला आठवलं असावं. त्याला तेव्हा कुणी स्कूटर आणून दिली नव्हती. हळू चालव, एवढंच सांगितलं होतं.

शोरूममधून त्या रविवारी मी काहीच न घेता परत आले. पुढच्या महिन्यात सेकंडहँड स्प्लेंडर घेतली. आता गेले चार रविवार वहिनी तिच्यावर शिकतेय. तिची उंची माझ्यापेक्षा एक इंच कमी. सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा आम्ही जातो. ती पुढे, मी मागे. परवा तिने थांबताना आपणहून बूड डावीकडे सरकवलं, उजवा पाय ब्रेकवरच ठेवला. लर्निंग लायसन तिने काढलंय. अर्जावर मी स्वतः बघून घेतलं, विथ गिअर लिहिलंय.